पाटी लावली की जबाबदारी आली

सोलापूरच्या भवानी पेठेत मागावर बारा-बारा तास उभे राहणाऱ्याचे गुडघे आणि विडीच्या सुपावर वाकून बसणारीची मान दुखल्यावाचून राहत नाही. खाडा परवडत नाही, रोज बुडाला तर चूल अडते. म्हणून घोंगडे वस्ती असो की मड्डी वस्ती, माणूस आधी जवळचा उपाय गाठतो: मालिश, ॲक्युप्रेशर, हिजामा (कातडीला चिरे देऊन रक्त ओढणे), नाहीतर हाडवैद्य. तिथे मराठीत किंवा तेलुगूत कुणीतरी निवांत विचारपूस करते. हा आधार खरा आहे, त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही. पण गरिबाचा देह आणि विश्वास ज्याच्या हाती येतो, त्याची जबाबदारी डॉक्टरपेक्षा तसूभरही कमी नाही.

विड्या वळणारी, साखरेचा आजार असलेली एक बाई डोळ्यांसमोर आणा. पायांना मुंग्या येतात म्हणून ती उपचाराला येते. साखरेने तिच्या तळपायाची जाणीव गेलेली असते. उपचारकाने न विचारता गरम शेक दिला तर कातडी भाजते आणि तिला कळतही नाही. दोन दिवसांनी फोड फुटतो, जखम चिघळते, पुढे पाय कापण्याची पाळी येऊ शकते. ‘साखर आहे का? गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ एवढे दोन प्रश्न विचारले असते, तळवा निरखून पाहिला असता, तर हे टळले असते. डावा हात भरून येतो म्हणणाऱ्याची मान चोळत बसणे याच जातीचे. ते हृदयाचे दुखणे असू शकते आणि तिथे गेलेला तास परत येत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. मधुमेह, कर्करोग, पक्षाघात असे विकार बरे करण्याचा दावा करून औषधाची किंवा चमत्कारी उपायाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली, रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या होमिओपॅथला दोषी धरून भरपाई द्यायला लावली. ज्या पद्धतीचे शिक्षण नाही, ती वापरणे हाच निष्काळजीपणा, असा त्या निकालाचा अर्थ. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय प्रक्रियेत असे घडल्यास डॉक्टरसाठी ठेवलेली दोन वर्षांची मर्यादा वैद्यकीय नोंदवहीत नाव नसलेल्याला मिळत नाही.

पण पोलीस येतात ते नुकसान झाल्यावर. नीतीचे काम त्याच्या आधी, शिकण्यापासूनच सुरू होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे पुन्हा तिकडे गेले, ॲक्युपंक्चर रीतसर शिकले आणि मग ते कलकत्त्यात रुजवले. हाती डॉक्टरकी असूनही नव्या विद्येपुढे विद्यार्थी होऊन बसावे, हा तो धडा आहे. महाराष्ट्रानेही २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. मग चार दिवसांच्या शिबिरावर नावामागे ‘डॉ.’ लावणाऱ्याला समाजाने मान का द्यावा?

उपचारकांनी काही गोष्टी व्रतासारख्या पाळाव्यात. आपले शिक्षण आणि नोंदणी पाटीवर खरीखुरी लिहावी, ‘खात्रीशीर’ हा शब्द पुसून टाकावा. काय करणार, त्यात धोका काय आणि पैसे किती, हे रुग्णाच्या भाषेत आधी सांगून होकार घ्यावा. स्त्री रुग्ण असेल तर तिच्या माणसाला जवळ बसू द्यावे. हिजाम्याचे पाते एकदाच वापरून टाकावे. प्रत्येक रुग्णाची वही ठेवावी. डॉक्टरने सुरू केलेली गोळी किंवा इन्सुलिन बंद करा, हे कधीही सांगू नये. आणि आपल्या आवाक्याबाहेरचे दिसताच चिठ्ठी लिहून सिव्हिल हॉस्पिटलला पाठवावे. अशी चिठ्ठी देणाऱ्याची पत वाढते, कारण पेठेत माणसे एकमेकांना सांगतात.

रुग्णांनीही भिडेपोटी गप्प बसू नये. ‘तुम्ही कुठे शिकलात?’ हे विचारणे म्हणजे उपचारकाचा अपमान नव्हे. कामगार संघटनांनी आणि ज्ञाती संस्थांनी आपल्या सभांमधून हा प्रश्न विचारायची सवय लावावी. कष्टकऱ्याचे शरीर हेच त्याचे एकमेव भांडवल आहे. त्यावर उपाय अजमावून पाहण्याचा अधिकार कोणत्याही पॅथीला नाही.