नसण्याचा पुरावा

2001 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयीचा एक प्रयोग चालू होता. निरोगी माणसाच्या श्वासनलिका आकसू नयेत म्हणून शरीर काय करतं, हे त्यात पाहायचं होतं. त्यासाठी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे दिलं जात होतं. तिसरी स्वयंसेविका 24 वर्षांची, त्याच संस्थेत नोकरी करणारी, धडधाकट तरुणी होती. औषध घेतल्यावर तिला खोकला लागला, ताप आला, फुप्फुसं निकामी होत गेली आणि 2 जूनला तिचा मृत्यू झाला. जुलैत तिथल्या केंद्र सरकारने या विद्यापीठातलं सरकारी पैशावर चालणारं, माणसांवरचं जवळजवळ सगळं संशोधन काही दिवसांसाठी थांबवलं.

प्रयोगाआधी संशोधकाने वाचन केलं नव्हतं असं नाही. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या संगणकीय सूचीत शोध झाला होता, पाठ्यपुस्तकं चाळली गेली होती. फुप्फुसांना धोका असल्याचं त्यात हाती लागलं नाही. मात्र पबमेडची नजर तेव्हा 1966 च्या मागे पोचत नव्हती आणि हेक्झामेथोनियम हे 1950 च्या दशकातलं औषध. त्या काळी ते वाढलेल्या रक्तदाबावर देत असत. ते घेणाऱ्या रुग्णांच्या फुप्फुसांत झालेले बदल तेव्हाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवले होते. 1954 च्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तर तोच एका लेखाचा विषय होता. बातमी फुटल्यावर वैद्यकीय ग्रंथपालांच्या वर्तुळात चर्चा पेटली आणि त्यांनी असे जुने लेख पाहता पाहता काढून दाखवले. इंडेक्स मेडिकसच्या परंपरेतले छापील सूचीखंड मोठ्या वैद्यकीय ग्रंथालयांच्या फडताळांत होतेच. वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय ग्रंथालयात जॉन शॉ बिलिंग्ज यांनी 1879 मध्ये सुरू केलेली ही परंपरा.

ते लेख वाचले असते तर ती मुलगी वाचली असती, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. जुन्या रुग्णांनी ते औषध दीर्घकाळ घेतलं होतं, तेही गोळी किंवा इंजेक्शनातून. ग्रंथपालांच्या त्या चर्चेतला खरा पेच वेगळाच होता आणि तो संगणकाहून फार जुना आहे. शोधूनही एखादी गोष्ट दिसली नाही, तर ती नाही असं कधी म्हणावं?

भारतीय तत्त्वज्ञानात या प्रश्नावर काही शतकं वाद चालला. त्यातलं ठरलेलं उदाहरण म्हणजे जमीन आणि घडा. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं. पण कशाने कळतं? डोळ्यांना दिसते ती जमीन, घड्याचं नसणं डोळ्यांना कसं दिसेल? सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले मीमांसक कुमारिल भट्ट म्हणाले, की न आढळणं हेच ज्ञानाचं एक स्वतंत्र साधन आहे. प्रत्यक्ष, अनुमान वगैरे पाच प्रमाणांच्या पंगतीत त्यांनी अनुपलब्धी हे सहावं पान मांडलं. अद्वैत वेदान्त्यांनीही पुढे ते मान्य केलं. नैयायिकांना अभाव खरा वाटत होता, पण तो प्रत्यक्षानेच कळतो असं ते म्हणत. मीमांसेतलाच प्रभाकरांचा संप्रदाय सगळ्यांत कंजूष निघाला. त्याच्या मते अभाव नावाची वेगळी वस्तूच नाही. रिकामी जमीन दिसली, एवढंच काय ते ज्ञान.

या वादात सगळ्यांना एक अट मात्र जपावी लागली. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं कोणी म्हणू नये. तो असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती आधी हवी. परंपरेत याला योग्य अनुपलब्धी म्हणतात. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती इथे सर्वांत सावध आहेत. देशाने, काळाने किंवा स्वभावाने जे आपल्यापासून दूर आहे, ते न दिसण्यावरून फक्त संशय निघतो, निर्णय निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाल्टिमोरच्या संशोधकाला नडला तो काळ. 1966 च्या अलीकडे दिवा होता, पलीकडे अंधार. आणि पडद्यावर अंधार अंधारासारखा दिसत नाही. तिथे शांतपणे निकालांची यादी येते किंवा शून्य येतं. काय तपासलंच गेलं नाही, ते यंत्र आपण होऊन सांगत नाही.

देशाच्या अंतराची गोष्ट मुंबईच्या वाटेने जाते. सर्पगंधेची मुळी उन्मादावर आणि झोपेसाठी देण्याची चाल भारतात जुनी. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या नियतकालिकात ती वेडावर आणि रक्तदाबावरही चालते असं लिहिलं. पाश्चात्त्य वैद्यकाच्या लेखी तो लेख जवळजवळ नव्हताच. मग मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवरचा आपला अनुभव 1949 मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केला. नियतकालिक तेच, ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’! बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी त्यावरून औषध मागवून पाहिलं, 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधा 1931 मध्येही तीच होती आणि 1949 मध्येही तीच. तिच्यावर उजेड कुठून पडला, एवढाच फरक. 1940 मध्ये लंडनच्या एखाद्या ग्रंथपालाला रक्तदाबावरच्या वनस्पतींबद्दल कोणी विचारलं असतं आणि त्याने काही नाही म्हणून सांगितलं असतं, तर तो खोटारडा ठरला नसता. पण त्याचं उत्तर चूक असतं.

काळ आणि देश यांच्यावर निदान कष्टाने मात करता येते. जे मुळात छापलंच गेलं नाही, त्याचं काय करायचं? रेबॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध 1997 पासून युरोपात विकलं जात होतं. जर्मनीच्या उपचार-मूल्यमापन संस्थेच्या संशोधकांनी 2010 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा हिशेब मांडला, तेव्हा चाचण्यांमधल्या 74 टक्के रुग्णांची माहिती अप्रकाशित असल्याचं निघालं. ती धरल्यावर औषधाचा फायदा औषध नसलेल्या नकली गोळीइतकाच उरला आणि त्रास वाढला. कितीही निष्णात ग्रंथपालाने प्रकाशित लेखांचा तळ ढवळला असता, तरी त्याला अपयशाच्या नोंदी दिसल्या नसत्या, कारण त्या कंपनीच्या कपाटात होत्या. धर्मकीर्तींना अभिप्रेत असलेलं स्वभावाचं अंतर हे नव्हे. पिशाच्चासारखी मुळात अदृश्य मानलेली वस्तू त्यांच्या डोळ्यांसमोर होती. इथे वस्तू दिसण्याजोगी होती आणि मुद्दाम झाकलेली होती.

अशा झाकण्याला चरकाने जागा ठेवली आहे. तो वैद्य होता, त्यामुळे त्याचं निदान जास्त व्यवहारी वाटतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिसणारं जग थोडं आणि न दिसणारं फार, असं सांगून तो पुढे दिसण्याजोगी वस्तूही का दिसत नाही याची आठ कारणं देतो. फार जवळ असणं, फार दूर असणं, आवरण, इंद्रियांचा दुबळेपणा, मन जागेवर नसणं, सारख्या वस्तूंमध्ये मिसळून जाणं, दुसऱ्या कशाने झाकोळून जाणं आणि अतिसूक्ष्म असणं. ही यादी एखाद्या ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात भिंतीवर लावली, तर कोणाला ती परकी वाटणार नाही.

त्यातलं सारख्यात सारखं मिसळणं हे तर ग्रंथपालांचं रोजचं दुखणं. पबमेडमध्ये आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. इंग्रजीतल्या ‘कोल्ड’ शब्दाने सर्दीही येते, थंडीही येते आणि फुप्फुसाच्या जुनाट आजाराचं जुनं लघुरूपही येतं. उलट एकाच गोष्टीला दहा नावं. 1950 च्या दशकातले लेखक हेक्झामेथोनियमला कधी त्याच नावाने, कधी नुसतं ‘सी-6’ म्हणून हाक मारत, तर कधी ते मेथोनियम संयुगांच्या गठ्ठ्यात टाकत. म्हणून 1960 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ‘मेश’ ही ठरावीक विषयनामांची यादी आणली. लेखकाने काहीही म्हटलेलं असो, सूचीकार लेख वाचून त्याला नेमकं विषयनाम देणार. 2022 पासून हे काम मुख्यतः यंत्र करतं आणि माणसं त्यातल्या काही नोंदी तपासतात. जुन्या ग्रंथपालांना ते फारसं रुचलेलं नाही, आणि ती कुरकुर निव्वळ नोकरीच्या काळजीतून आलेली नसावी. चुकीच्या खणात ठेवलेला लेख हरवलेल्या लेखासारखाच असतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं.

मग इतकी सगळी कारणं असताना ‘नाही’ म्हणायचं तरी कोणत्या बळावर? प्रभाकरांच्या पंथाचा ग्रंथपाल म्हणेल, मी ‘नाही’ म्हणणारच नाही. अमुक डेटाबेस, अमुक शब्द, अमुक तारीख, इतके निकाल. मी रिकामी जमीन पाहिली, पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. गंमत म्हणजे आजची व्यावसायिक शिस्त बरीचशी अशीच आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘प्रिस्मा-एस’ नियमावली 16 कलमांत हेच मागते: कुठे शोधलं, कोणत्या शब्दांनी शोधलं, कोणत्या दिवशी शोधलं, सगळं जसंच्या तसं छापा. एका ग्रंथपालाने रचलेली शोधाची मांडणी दुसऱ्याने तपासावी, अशीही पद्धत आहे. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेचे आढावे तर एकही पात्र अभ्यास सापडला नाही, तरी प्रसिद्ध होतात. त्यांना रिकामे आढावेच म्हणतात.

प्रामाणिकपणाच्या दृष्टीने हे निर्दोष आहे. पण रुग्णाच्या खाटेशी ते अपुरं पडतं.

1971 च्या सुमारास गर्ट्रूड लॅम यांनी कॅन्सस सिटीत वैद्यकीय ग्रंथपालांना डॉक्टरांच्या वॉर्डफेरीत नेलं. तेव्हापासून या पेशातल्या काहीजणांचं टेबल थेट रुग्णाजवळ आलं. तिथे विचारणाऱ्या डॉक्टरला जमिनीचं वर्णन नको असतं. गरोदर बाईला हे औषध दिल्याने बाळाला धोका झाल्याचं कुठे आलंय का, हो की नाही, हे त्याला राउंड संपायच्या आत हवं असतं. कोणतंही उत्तर आलं तरी, किंवा न आलं तरी, तो काहीतरी करणारच असतो. इथे कुमारिलांची बाजू वजनदार वाटते. ‘नाही’ हे ज्ञान आहे. ते मिळवता येतं, त्यावर कृती करता येते आणि त्याची जबाबदारीही घ्यावी लागते. जबाबदारी टाळायची असेल तेव्हा प्रभाकरमत फार सोयीचं पडतं.

आणि शोध थांबवायचा कधी? प्रत्येक ज्ञानाला पडताळा, पडताळ्याला आणखी पडताळा, असं करत बसलं तर त्याला अंत नाही. कुमारिलांनी ‘श्लोकवार्तिका’त यावर उत्तर दिलं आहे. बाधक काही समोर येईपर्यंत ज्ञान प्रमाणच धरायचं आणि शंका आलीच तर तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याची गरज नाही. कोक्रेनच्या नियमांत किमान तीन ठिकाणी शोध बंधनकारक आहे: त्यांचं स्वतःचं चाचण्यांचं भांडार, मेडलाइन आणि, हाताशी असेल तर, एम्बेस हे डेटाबेस. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण थांबावं लागणाऱ्या माणसांचा हिशेब साधारण सारखाच येतो असं दिसतं. त्यातून धोका संपत नाही, हे कुमारिलांनाही ठाऊक असणार. हॉपकिन्समध्ये बाधक ज्ञान आलं ते मृत्यूनंतर.

उलट टोकाची चूकही आहे. अभ्यास सापडला नाही म्हणून उपायच निरुपयोगी, असं समजणारे कमी नाहीत. त्यांची थट्टा करण्यासाठी 2003 मध्ये ‘बीएमजे’ने पॅराशूटवरचा एक आढावा छापला. विमानातून उडी मारताना पॅराशूट उपयोगी पडतं हे दाखवणारी एकही यादृच्छिक चाचणी लेखकांना सापडली नव्हती. पॅराशूटच्या उपयोगाचा अभाव आणि पॅराशूटवरच्या चाचणीचा अभाव हे दोन निराळे अभाव आहेत. नैयायिक याच्यासाठी अभावाचा प्रतियोगी विचारतात, म्हणजे नेमकं कशाचं नसणं? डॉक्टरच्या घाईत हा प्रश्न बहुतेक वेळा गाळला जातो आणि तो विचारणं ग्रंथपालाच्या वाट्याला येतं.

गेल्या काही वर्षांत या पेशात एक नवंच काम शिरलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटने दिलेली संदर्भयादी घेऊन विद्यार्थी किंवा डॉक्टर येतात आणि लेख मिळवून द्या म्हणतात. लेखक खरे, नियतकालिक खरं, मथळा पटण्यासारखा. आणि असा लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. इतकी वर्षं ‘नाही’ म्हणताना चाचरणाऱ्या ग्रंथपालांना इथे मात्र ठामपणे बोलता येतं. खंड दिलेला असतो, अंक दिलेला असतो, पानाचा आकडा असतो. तो अंक उघडायचा, ते पान काढायचं. त्या पानावर दुसऱ्याच कोणाचा लेख असतो, किंवा अंक त्याआधीच संपलेला असतो. उजेड पुरेसा असतो, जागा ठरलेली असते, घडा असता तर दिसलाच असता. तरीही समोरचा माणूस पुष्कळदा ऐकत नाही आणि आणखी कुठे मिळेल का, असं विचारत राहतो.