एकशे दोनावे यंत्र

सुश्रुताने शस्त्रवैद्याच्या कामाची 101 यंत्रे सांगितली आणि त्या सर्वांत हात हेच प्रधान यंत्र मानले. हात नसेल तर बाकीची शंभर जागच्या जागी पडून राहणार! अलीकडे या यादीत आणखी एकाची भर पडली आहे. जाहिराती त्याला रोबो म्हणतात, आणि रोबो म्हटले की पत्र्याचा एक माणूस सुरी घेऊन आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्यक्षात तसे काही नसते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. कादंबऱ्यांतली माणसे मारण्यापलीकडे शरीरशास्त्राशी माझा संबंध नाही. पण विचारून, वाचून जे समजले ते असे: सर्जन रोग्यापासून चार पावलांवर खुर्चीत बसतो, एका खोबणीत डोळे लावतो, बोटे कड्यांत अडकवतो आणि हात हलवतो. रोग्याच्या पोटात लहान छिद्रांतून गेलेली अवजारे तीच हालचाल बारीक करून आत करतात. हाताचा कंप वाटेतच गाळला जातो. अवजाराचे मनगट आपल्या मनगटापेक्षा अधिक वळते. आतले दृश्य खोलीसकट आणि कितीतरी मोठे दिसते. स्वतःच्या बुद्धीने मात्र हे यंत्र काडीही हलवीत नाही. म्हणजे सुश्रुताचे प्रधान यंत्र आपल्या जागी आहेच. फक्त त्याचे भाडे वाढले आहे.

ते भाडे थोडेथोडके नव्हे. ‘दा विंची’ नावाच्या यंत्राला अमेरिकेत 2000 साली परवानगी मिळाली. त्याची किंमत साधारण 20 लाख डॉलरच्या घरात, शिवाय वर्षाची देखभाल वेगळी. अवजारांत तर मोजणी बसवलेली असते. ठरलेल्या संख्येइतकी ऑपरेशने झाली की धड असलेले अवजारही यंत्र स्वीकारीत नाही. बहुतेक अवजारांना ही मर्यादा पूर्वी दहाची होती. 2020 नंतर काहींची वाढवली. (आमच्या शाळेतला लाकडी कंपास मुलांच्या तीन पिढ्यांनी वापरला, हे सहज आठवले.) 2010 साली अमेरिकेतल्या दोघा अभ्यासकांनी वीस प्रकारच्या ऑपरेशनांचा हिशेब मांडला. यंत्रामुळे दर ऑपरेशनामागे सरासरी 1,600 डॉलर अधिक लागत होते. यंत्राची किंमत त्यात धरली तर 3,200. एवढे महाग यंत्र दारात बांधले की त्याला रोज वैरण घालावीच लागते, आणि त्याची वैरण म्हणजे रोगी.

मग फायदा काहीच नाही काय? आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. रक्त कमी जाते, जखमा लहान राहतात, माणूस लवकर उठतो. तासन् तास वाकून उभ्या राहणाऱ्या सर्जनच्या पाठीलाही आराम मिळतो. आपल्या पोटावर काम करणाऱ्याची पाठ दुखत नसावी, हे आपल्याही हिताचेच. पण यातले बरेचसे फायदे उघड्या ऑपरेशनाशी तुलना करून सांगितले जातात. साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनाशी ताडून पाहिले की अंतर पुष्कळ ठिकाणी कमी होते. आणि उघड्या ऑपरेशनाशी तुलना केली तरी नेहमीच मोठे अंतर पडते असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन येथे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या तीनशेहून अधिक रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली: काहींचे ऑपरेशन उघड्या हाताने, काहींचे यंत्राने. 2016 साली पहिले आणि 2018 साली दोन वर्षांनंतरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्राच्या बाजूला रक्तस्राव कमी झाला होता. परंतु लघवीवरचा ताबा आणि संसारसुख यांत दोन्ही बाजू जवळपास सारख्याच निघाल्या.

हे सारे कागदावर ठीक आहे. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या ड्रॉइंगमास्तरांवर हाच प्रसंग आला तेव्हा कागद बाजूला राहिला. रुग्णालयात त्यांच्या मुलाला दोन आकडे सांगितले गेले. दुसरा आकडा रोबोचा, पावणेदोन लाखांनी मोठा. सांगणाऱ्याने आग्रह केला नाही. “वडिलांसाठी तुम्हांला काय योग्य वाटते ते बघा,” एवढेच तो म्हणाला. या वाक्यात केवढी सक्ती आहे! त्या क्षणी प्रश्न औषधाचा राहत नाही, पुत्रप्रेमाचा होतो. मुलगा कर्जाला तयार झाला, मुलीचा हात बांगड्यांकडे गेला. विम्याचे म्हणाल, तर 2019 पासून विमा कंपन्यांना असे ऑपरेशन सरसकट नाकारता येत नाही. पण त्याच्या रकमेला मर्यादा घालता येते, आणि मास्तरांच्या कागदांत ती होती.

मास्तरांनी डॉक्टरांना एवढेच विचारले, “साहेब, तुम्ही स्वतः हाताने किती केलीत आणि यंत्राने किती?” डॉक्टर सज्जन होते. हाताने शेकडो, यंत्राने अजून पंधरा-सोळा, असे त्यांनी सरळ सांगितले. चित्रकलेचे आयुष्यभर धडे देणाऱ्या माणसाला नव्या कुंचल्यावर हात बसायला किती दिवस लागतात हे काय समजावून सांगायचे? त्यांनी जुना हात निवडला. ऑपरेशन चांगले झाले. यंत्राने केले असते तर वाईट झाले असते असे यावरून मुळीच सिद्ध होत नाही. पण मुलगा मला मागाहून म्हणाला, “काही कमीजास्त झाले असते तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातले असते. पैसे वाचवले म्हणाले असते.” तो घाबरला होता तो रोगाला नव्हे, लोकांना. यंत्राच्या खर्चात ही भीती कोणी धरीत नाही, आणि मला वाटते, विक्री बरीचशी तिच्याच जिवावर होते.

लहान जखम म्हणजे हमखास चांगले ऑपरेशन, ही समजूत तर महागात पडू शकते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या 631 स्त्रियांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनी उघड्या ऑपरेशनाच्या गटात 96.5 टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या. छिद्रांतून केलेल्यांच्या गटात 86 टक्के. त्यांतल्या बहुतेकींचे ऑपरेशन साध्या दुर्बिणीने, थोड्यांचे यंत्राने झाले होते. 2019 साली अमेरिकी सरकारच्या औषध खात्याने कर्करोगासाठी या यंत्राच्या वापराबाबत सावध केले. प्रत्येक रोगाचा निवाडा वेगळा, एवढे तरी यातून दिसते.

एक विसंगती मला फार टोचते. लवकर उठून कामाला लागणे कोणाला सर्वांत गरजेचे? ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला. तिचा आठवडा बुडाला की चूल थंड पडते. पगारी रजेवर असलेल्या माणसाला पाच दिवस अधिक झोपून राहणे परवडते, आणि यंत्रही नेमके त्यालाच परवडते! गुरुग्रामच्या एका कंपनीने 2022 साली त्या मानाने स्वस्त देशी यंत्र आणले आहे. किमती अशाच उतरल्या, तर हे टोचणे कमी होईल, होवो.

यंत्राचे समर्थक म्हणतात, उद्या शहरातला सर्जन खेड्यातल्या रोग्याचे ऑपरेशन तारेवरून करील. ही कल्पना पोकळ नाही. 7 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या जाक मारेस्को यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथे असलेल्या बाईचे पित्ताशय काढले. मध्ये अटलांटिक महासागर! परंतु त्या बाईच्या उशाशी भूल देणारा माणूस होता, आणि तार तुटलीच तर हात घालायला सर्जनही उभे होते. आमच्या तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञाची जागा रिकामी आहे. अडलेल्या बाईला अजूनही रात्रीची जीप करून जिल्ह्याला नेतात.