शांततेची किंमत कोण मोजतं?

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या मित्रमंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "या वर्षी गर्दी नको, कुठेतरी शांत जागी जाऊ या." मग कुणी ग्रीसचं एखादं छोटं बेट सुचवतं, तर कुणी कोकणातलं गाव. दुबई-अबूधाबीच्या धावपळीत राहणाऱ्या माणसाला असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जागा आवडली की आपण म्हणतो, "हे असंच राहायला हवं!" असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार किती?

हा प्रश्न मला पडला तो ग्रीसमध्ये नव्हे, तर इथेच, दालमा बेटावर. अबूधाबीच्या पश्चिम भागात, किनाऱ्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर हे बेट आहे. जेबेल धन्नाच्या बाजूने फेरीबोटीने जाता येतं. काही हजारांची वस्ती, मासेमारीचं बंदर, जुन्या मशिदी आणि मुरैखी या मोत्यांच्या व्यापाऱ्याचं घर, जिथे आता संग्रहालय आहे. उत्खननात इथे सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया सापडल्या आहेत. संध्याकाळी बंदरावर उभं राहिलं, तर पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येतो.

पण दालमा नेहमीच असं शांत नव्हतं. गोड्या पाण्याच्या विहिरी आणि जवळचे शिंपल्यांचे पट्टे यांमुळे मोत्यांच्या हंगामात इथे नावांची गर्दी व्हायची. उन्हाळ्याचे चार महिने पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला वजन बांधून तळाशी जात. नावेचा प्रमुख 'नाखुदा', म्हणजे आपल्या कोळीवाड्यातला नाखवाच. त्याच्याकडून घेतलेली उचल फेडता फेडता पाणबुड्याचं आयुष्य सरे. इथले मोती जात मुंबईच्या बाजारात, आणि १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर चलनही रुपयाचंच होतं. पुढे १९२०च्या दशकात जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, १९२९ नंतर जगभर मंदी पसरली आणि हा धंदा बसला. माणसं पोटामागे निघून गेली. आज आपल्याला भावते त्या शांततेत या बसलेल्या धंद्याचाही वाटा आहे.

त्याच समुद्रातल्या दास बेटाच्या वाट्याला नेमकं उलटं आलं. १९६२ साली तिथून अबूधाबीचं तेल पहिल्यांदा निर्यात झालं. तिथे यंत्रांची धडधड सुरू झाली आणि त्या धडधडीतूनच हा देश उभा राहिला. तुमच्या-माझ्या नोकऱ्यासुद्धा त्यातूनच आल्या. म्हणजे वर्षभर आपण गोंगाटाच्या जिवावर जगतो आणि आठ दिवसांपुरती शांतता मागतो.

बंदरावर जाळं आवरत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी म्हटलं, "चाचा, बहुत सुकून है यहाँ." आखाती वळणाच्या हिंदीत ते म्हणाले, "हाँ. लडके सब अबूधाबी में हैं ना." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. ज्याला मी शांतता म्हणत होतो, तिलाच ते मुलं घरी नसणं म्हणत होते, एवढंच.

ग्रीसचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लागून असलेल्या कास्तेलोरिझो बेटावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारोंची वस्ती होती. आज तिथे काही शे माणसं राहतात. बहुतेक घराणी ऑस्ट्रेलियात गेली. उन्हाळ्यात त्यांचे नातू-पणतू परत येतात, फोटो काढतात आणि निघून जातात. ओळखीचं वाटतं ना?

आता आपल्याकडे पाहू. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण कमावते पुरुष मुंबईत, नाहीतर आखातात. गावाच्या शांततेची किंमत कोण मोजतं, हे या एका आकड्यात दिसतं.

आणि इथे प्रश्न आपल्या दारात येतो. सातबाऱ्यावर सात-आठ नावं असतात. गावात राहणाऱ्या चुलतभावाला चार खोल्या बांधून पर्यटकांची सोय करायची असते, म्हणजे त्याच्या मुलाला मुंबई गाठावी लागणार नाही. एक सही अडते, ती दुबईतली. कारण काय, तर "जुन्या घराची शोभा जाईल, आपलं गाव गावासारखं राहू दे." भावना खोटी नसते. पण त्या शोभेसाठी पावसाळ्यात कौलं शाकारतो तो भाऊ, अपरात्री म्हाताऱ्या काकूला दवाखान्यात नेतो तोही भाऊच.

मग गाव सोडलेल्याने काही बोलूच नये का? तसंही नाही. किनाऱ्यावर वाटेल ते बांधकाम झालं, डोंगर पोखरला गेला, तर नुकसान पुढच्या पिढ्यांचं आहे आणि त्याबद्दल बोलायलाच हवं. मला वाटतं, फरक करायचा तो बोलणं आणि अडवणं यांत. मत मांडायचा हक्क नात्याने मिळतो. दुसऱ्याच्या पोटापाण्याचा मार्ग अडवायचा हक्क मात्र, जो तोशीस वाटून घेतो त्यालाच. घर जुनं ठेवायचं असेल, तर डागडुजीचा खर्च आपण उचलू या. भावाच्या मुलासाठी दुसरा मार्ग सुचत असेल, तर तो उभा करायला पैसे आणि वेळ देऊ या. हे जमत नसेल, तर सही करावी आणि पुढच्या वेळी त्या चार खोल्यांपैकी एका खोलीत पैसे देऊन आनंदाने राहावं.

शांत जागी जरूर जावं, मन भरून ती अनुभवावी. फक्त तिथल्या माणसाला एकदा विचारावं, "तुम्हाला इथे काय हवं आहे?" त्याचं उत्तर आपल्या आवडीचं नसण्याची शक्यता आहे. तरीही ते ऐकूनच काय ते ठरवावं.