ओळख असती तर

जुन्या हुबळीतील आमच्या परिचयाच्या एक वृद्ध बाई मुलाबरोबर गोकुळ रोडवरील विमानतळावरून मुंबईस निघाल्या होत्या. तपासणीत त्यांच्या हातपिशवीत अडकित्ता निघाला. धारेची वस्तू विमानात जवळ बाळगता येत नाही, आणि मोठी बॅग तर आधीच देऊन झालेली. तपासणाऱ्या जवानाने कानडीत, नम्रपणे पण ठामपणे नियम सांगितला. सासूबाईंचा अडकित्ता तेथेच राहिला. बाई काही बोलल्या नाहीत. मुलगा मात्र परतल्यावर आम्हांस म्हणाला, "कोणाची ओळख असती तर सोडला असता."

आम्ही त्याला काय उत्तर देणार? त्याच्या जागी आम्हीही हेच म्हटले असते. नियम कडक असावा असे आपणां सर्वांना वाटते. फक्त आपली पिशवी उघडली जाईपर्यंत.

ओळखीने काय होते हे २०१७ साली दिसले. त्या वर्षी २३ मार्चला उस्मानाबादचे (आताचे धाराशिव) खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीस गेले. आसनावरून वाद झाला व एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला आपण चपलेने मारल्याचे त्यांनी स्वतःच पत्रकारांना सांगितले. विमान कंपन्यांनी त्यांना प्रवासबंदी केली. पुढे त्यांनी मंत्र्यांना खेदाचे पत्र दिले आणि ७ एप्रिलला बंदी उठली. पंधरवडाच झाला होता.

त्याच सप्टेंबरात नियम आले. शिवीगाळीस तीन महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर हात टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतणाऱ्या वर्तनास निदान दोन वर्षे. निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या समितीने तीस दिवसांत द्यावयाचा, व त्यावर अपीलही. हे अपील आम्हांस फार मोलाचे वाटते. आरोपीचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला शिक्षेस द्यावयाचे नाही ही रोमी रीत फेस्ताने अग्रिप्पाला सांगितली होती, हे संडेस्कूलची मुलेही जाणतात.

कारण कडकपणाही चुकू शकतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई-दिल्ली विमानात अपहरणाची धमकी देणारी चिठ्ठी सापडली व विमान अहमदाबादेस उतरवावे लागले. मुंबईच्या एका व्यापाऱ्यावर पाच वर्षांची प्रवासबंदी आली. २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने जन्मठेप व ५ कोटी रुपये दंड ठोठावला. २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मधली वर्षे कोण परत देणार?

खासदाराला सवलत मिळाली याचा राग येतो. पण त्या मुलाने मागितली ती सवलत तीच नव्हे काय? लहान, निरुपद्रवी, प्रेमापोटी मागितलेली, तरी तीच. आम्ही हे त्याला बोलून दाखविले, तेव्हा तो जरा रुसला. बाई हसल्या. मुंबईत त्यांनी नवा अडकित्ता घेतला होता. परतताना तो मोठ्या बॅगेत, लुगड्यांच्या घडीत ठेवून आणला.