पिशवी आणि सही

डॉक्टर एंडोमेट्रिओसिस या आजाराचे चार टप्पे करतात. पहिल्या टप्प्यात ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर चार-दोन ठिपके. चौथ्यात बीजकोषांमध्ये जुन्या काळपट रक्ताने भरलेल्या ‘चॉकलेट सिस्ट’, गर्भाशयाला चिकटलेलं आतडं, एकात एक गुंतलेलं सगळं. रिपोर्टवर हे मोठं शिस्तीत दिसतं. पण या टप्प्यांचा आणि दुखण्याचा फारसा मेळ नाही. चौथ्या टप्प्यातल्या एखादीला मूल का होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळतं, की आत एवढं रामायण घडलेलं आहे. पहिल्या टप्प्यातली एखादी मात्र दर महिन्याला जमिनीवर गडबडा लोळते. रोग किती पसरलाय हे दुर्बिणीतून दिसतं. दुखतं किती, हे त्या बाईला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि नेमकं तेवढं विचारायला कुणाला सवड नसते.

मी चौथ्या टप्प्यातली आहे आणि मला दुखतंही. म्हणजे माझा रिपोर्ट आणि माझं तोंड एकच गोष्ट सांगतात. त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवला जातो. पहिल्या टप्प्यातल्या बायकांना हे भाग्यही नसतं.

गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला तयार होतं आणि पाळीबरोबर बाहेर पडतं. या आजारात तशाच पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात: बीजकोषांवर, आतड्यावर, मूत्राशयावर, क्वचित थेट श्वासपटलावर. त्याही महिन्याच्या चक्राला प्रतिसाद देतात, पण त्यांना बाहेर जायला वाट नाही. मग सूज येते, व्रण होतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के मुली-स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटींना, हा आजार आहे. इतका सार्वत्रिक असूनही निदानाला वर्षानुवर्षं लागतात, कारण पाळीत दुखणारच हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं. शाळेत बाई म्हणाल्या, सगळ्यांनाच दुखतं. कॉलेजात मैत्रिणी पर्समधून मेफ्टाल काढून द्यायच्या. घरी सांगितलं गेलं, लग्न झालं की थांबेल. लग्नानंतर, एक मूल झालं की थांबेल. मूल झालं नाही, कारण तोच आजार आड आला. औषध म्हणून जे सुचवलं जात होतं तेच रोगाने अडवून धरलं होतं, आणि यातला विनोद आमच्या घरात माझ्याखेरीज कुणाच्याही लक्षात आला नाही. युरोपातल्या तज्ज्ञ संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्टच सांगतात, की या आजारावर उपचार म्हणून कुणाला गर्भधारणेचा सल्ला देऊ नये.

गोळ्या झाल्या, पाळीच बंद ठेवणारी इंजेक्शनं झाली, दुर्बिणीतून सिस्ट काढून झाल्या. त्या परत आल्या. आता पिशवी काढण्याचा विषय निघाला आहे.

तो निघाला आणि नात्यातल्या बायकांचा एक मोठा, आजवर गप्प असलेला वर्ग माझ्याशी बोलू लागला. मावशी म्हणाली, माझी पस्तिशीतच काढली, काही बिघडलं नाही. काकूंची काढली होती हे तर मला ठाऊकच नव्हतं. एकीची जास्त अंगावरून जातं म्हणून, एकीची गाठ होती म्हणून, एकीची ‘पुढे कॅन्सर होईल’ म्हणून. का काढली, याचा कागद कुणाकडेच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या शंभरातल्या तीनएक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, आणि ती होतानाचं वय साधारण पस्तिशीच्या आसपासचं. पाश्चात्त्य देशांत हे वय बरंच पुढचं असतं. आपल्याकडच्या बायकांची गर्भाशयं काही दहा वर्षं आधी नासत नसणार.

बीडचं प्रकरण महाराष्ट्राला आठवत असेल. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे देशात शंभरात तीन, इथे शंभरात सोळा. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला की दंड. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पहाटेपासून मोळ्या डोक्यावर. अशा ठिकाणी पाळी म्हणजे उघड नुकसान. त्यात पांढरं जातंय, पोटात दुखतंय म्हणून गावातल्या खासगी दवाखान्यात गेलं, की कॅन्सरची भीती आणि ऑपरेशनचा सल्ला एकदमच मिळतो. ऑपरेशनसाठीही पुन्हा उचल. वाचणाऱ्या शहरी माणसाला इथे संताप येतो आणि येऊ द्यावा. पण तो सगळा डॉक्टर आणि मुकादमाच्या खाती टाकून मोकळं होता येत नाही. त्या बायकांतल्या कित्येकींना खरोखर दुखत होतं. त्या दुखण्याचं नाव काय, याचा शोध कुणी घेतला नाही. संसर्ग असेल, गर्भाशयाच्या स्नायूतला ॲडिनोमायोसिस असेल, माझाच आजार असेल. दोन मुलं झालेली होती, एवढी माहिती सगळ्यांना पुरेशी वाटली.

आता माझं बघा. मी पुण्यात राहते, विमा आहे, तीन तज्ज्ञांची मतं घेऊ शकते. तिघांनीही नाव-वयानंतर पहिला प्रश्न विचारला, मुलं किती? नाही म्हटल्यावर पिशवी वाचवण्याची एक लगबग सुरू झाली. एकाने आयव्हीएफची आणखी एक फेरी सुचवली. मी एकेचाळिशीची आहे, मला ती नको आहे, हे मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नवऱ्याला सांगावं लागलं, तेव्हा ते ऐकू गेलं. बीडमधल्या बाईची पिशवी झटकन जाते आणि माझी जाऊ देत नाहीत, तर मी सुदैवी, असं वरवर वाटेल. मला तसं वाटत नाही. हिशेब दोन्हीकडे तोच आहे. पिशवीचं काम झालं असेल तर काढा, राहिलं असेल तर ठेवा. दुखणं या हिशेबात धरलेलंच नाही, ना तिचं ना माझं.

बाईपण पोटातल्या त्या मुठीएवढ्या अवयवात असतं की नाही, यावर पुष्कळ हळवं लिहिलं गेलं आहे. मला त्यात रस नाही. हळदीकुंकवाला माझी ओटी भरताना काही हात क्षणभर थबकतात, ते मी बघते. पिशवी राहिली काय, गेली काय, ते थबकायचे थांबणार नाहीत. मला हळहळ वाटते ती अंथरुणात गेलेल्या दिवसांची, सोडलेल्या एका नोकरीची.

खरा प्रश्न निराळाच आहे, आणि तो भावनेचा नाही, शरीरशास्त्राचा आहे. जो आजार व्याख्येनेच गर्भाशयाच्या बाहेरचा, तो गर्भाशय काढल्याने कसा जाईल? उत्तर असं, की नुसतं गर्भाशय काढून तो जात नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचा १९९५ चा एक अभ्यास अजून सगळीकडे उद्धृत होतो. एंडोमेट्रिओसिससाठी गर्भाशय काढलेल्या १३८ स्त्रिया त्यात होत्या. ज्यांचे बीजकोष ठेवले होते त्यांतल्या ६२ टक्के जणींचं दुखणं परतलं. बीजकोषही काढले होते त्यांच्यात हे प्रमाण १० टक्के. मग काढा की दोन्ही, असं वाटतं. पण पंचेचाळिशीच्या आत बीजकोष गेले तर रजोनिवृत्ती एका दुपारीत येते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, वर्षानुवर्षं हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. शिवाय तो अभ्यास लहान आहे, आणि तेव्हापासून रुजलेल्या पेशी मुळापासून छाटण्याचं कसब बरंच सुधारलं आहे. आतड्यावरचे व्रण तसेच ठेवून पिशवी काढणं हा आजारावरचा उपचार होत नाही. उलट ॲडिनोमायोसिस असेल, म्हणजे त्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूतच शिरल्या असतील, तर तेवढ्यापुरता गर्भाशय काढल्याने खरंच इलाज होतो. माझ्या एमआरआयमध्ये दोन्ही आहे. म्हणून मला काही मिळेल, सगळं मिळणार नाही. हे वाक्य मला स्वच्छ शब्दांत सांगणारी डॉक्टर चौथी भेटली. तिच्याकडेच मी थांबले.

इंग्रज कादंबरीकार हिलरी मँटेल यांचं उदाहरण अशा वेळी मनात येतंच. तरुणपणी त्यांचं दुखणं मानसिक ठरवून त्यांना मनोविकारावरची औषधं दिली गेली. आपल्याला काय झालंय हे त्यांनी बोट्सवानात राहत असताना वैद्यकाच्या पुस्तकातून स्वतःच शोधलं. सत्ताविसाव्या वर्षी लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, गर्भाशय आणि बीजकोष गेले. दुखणं तरीही परत आलं. पुढे त्यांना दोनदा बुकर मिळालं, हे लोक सांत्वनासारखं सांगतात. मँटेल स्वतः त्या दुखण्याचं उदात्तीकरण करत नसत, हे मला जास्त आवडतं.

सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा एक निकाल आहे, तो प्रत्येक स्त्रीने वाचावा असं मला वाटतं. मे १९९५ मध्ये दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री पाळी थांबत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीतून तपासणी करायची ठरलं. भूल दिल्यावर आत बळावलेलं एंडोमेट्रिओसिस दिसलं. ती बेशुद्ध असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेतली गेली आणि गर्भाशय, बीजवाहिन्या, बीजकोष सगळं काढलं. न्यायालयाने म्हटलं, तपासणीला दिलेली संमती म्हणजे काढायला दिलेली संमती नव्हे. जिवावर बेतलेलं नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने तिची आईसुद्धा हो म्हणू शकत नाही. भरपाई २५ हजार रुपये, आणि डॉक्टरांची फीही नामंजूर. भरपाई एवढी कमी, कारण डॉक्टरांनी जे केलं ते चांगल्या हेतूने, रुग्णाच्या हितासाठीच केलं, असं न्यायालयाचं मत पडलं.

आणि ते खरंही असेल. बाहेर बसलेल्या त्या आईचाही हेतू चांगलाच असणार. माझी आई तिच्या जागी असती तर तिनेही हो म्हटलं असतं, रडत आणि देवाचं नाव घेत. या आजारात भेटणाऱ्या माणसांत दुष्ट माणूस जवळपास नसतोच, त्यामुळे भांडायचं कुणाशी हेच कळत नाही. ‘एकदाची काढून टाक’ म्हणणारी मावशी मायेने म्हणते. ‘घाई नको’ म्हणणारा डॉक्टर काळजीने म्हणतो. संमतिपत्रकाची वेळ आली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने अगदी अदबीने विचारलं, ‘मॅडम, मिस्टर आलेत का? त्यांची सही लागेल.’

मी म्हटलं, साक्षीदार म्हणून लागत असेल तर करतील.

छापील फॉर्मवर ‘आवश्यक वाटेल ती पुढील शस्त्रक्रिया’ अशी एक ओळ होती. ती खोडून मी डॉक्टरांबरोबर बसून खाली लिहिलं: गर्भाशय काढावं. उजवा बीजकोष सिस्टने खाल्लेला आहे, तो काढावा. डावा धड असेल तर ठेवावा, दुखणं परतण्याची शक्यता मला समजावून सांगितली आहे. आतड्यावरचा व्रण वरवरचा असेल तर छाटावा. आतड्याचा तुकडा काढावा लागणार असेल तर थांबावं, मला जागं होऊ द्यावं आणि विचारावं.

‘म्हणजे कदाचित पुन्हा भूल, पुन्हा खर्च,’ डॉक्टर म्हणाल्या.

‘हो.’

त्यांनी प्रत्येक ओळीपुढे आद्याक्षरं केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.