आजोबांचे कर्ज नातवाने फेडावे का?

आजोबांनी मागे ठेवलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नातवाचे नाव चढते, तेव्हा कोणी हरकत घेत नाही. वारसाहक्कच तो! पण त्याच आजोबांनी एखाद्या शेजाऱ्यावर अन्याय केला असेल, तर त्याची भरपाई नातवाने करावी का? 'मी तेव्हा जन्मालाही आलो नव्हतो', असे तो म्हणाला तर त्याचे काय चुकले? आधुनिक अमेरिकेचा इतिहास अभ्यासताना आम्हा विद्यार्थ्यांना हा प्रश्न पडला. अमेरिका म्हटले की व्हिसा, डॉलर आणि हॉलिवूड आठवते. पण त्या देशाच्या इतिहासातले एक प्रकरण प्रत्येकाने आपल्या मनाशी ताडून पाहावे असे आहे.

7 डिसेंबर 1941 रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अमेरिकेत संताप आणि भीती पसरली. 19 फेब्रुवारी 1942 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका हुकुमावर सही केली आणि त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरातून उठवून छावण्यांत नेण्यात आले. त्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे त्या देशाचे नागरिक होते. हातात मावेल तेवढेच सामान न्यायची परवानगी होती. शेते, दुकाने, घरातल्या वस्तू मिळेल त्या किमतीला विकाव्या लागल्या. छावण्या तयार होईपर्यंत काही कुटुंबांना लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात राहावे लागले. कोणावरही आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता. आपल्याकडे म्हणतात, सुक्याबरोबर ओलेही जळते. इथे तर सुके काय आणि ओले काय हे पाहण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत.

बहुतेक शेजारी गप्प राहिले. पण सगळेच नाही. गॉर्डन हिराबायाशी हा सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला विद्यार्थी. त्याने हुकूम पाळायला नकार दिला आणि स्वतःहून एफबीआयच्या कचेरीत जाऊन तसे सांगितले. 1943 साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या विरुद्ध निकाल दिला. राल्फ लाझो हा लॉस एंजेलिसचा सतरा वर्षांचा मुलगा जपानी वंशाचा नव्हताच. शाळेतले मित्र छावणीत निघाले म्हणून तोही त्यांच्याबरोबर मान्झानारच्या छावणीत राहायला गेला. मेरीनोल संस्थेचे फादर लिओपोल्ड टिबेसार सिएटलमधील आपल्या जपानी भाविकांच्या मागोमाग आयडाहोतील मिनिडोका छावणीपर्यंत गेले. सर्वोच्च न्यायालयात 1944 साली कोरेमात्सू खटल्यात सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला. भिन्न मत नोंदवणाऱ्या तिघांत न्यायमूर्ती फ्रँक मर्फी हे कॅथलिक होते. हा निर्णय वंशद्वेषात बुडाला आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

युद्ध संपले, वर्षे गेली. 1980 साली अमेरिकन संसदेने चौकशी आयोग नेमला. 1983 मध्ये आयोगाने अहवाल दिला. या लोकांकडून हेरगिरीचे वा घातपाताचे एकही कृत्य झाल्याची नोंद नव्हती. अन्यायाची कारणे तीन सांगितली: वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश. 10 ऑगस्ट 1988 रोजी अध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली. हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर आणि देशाची माफी! 82,000 हून अधिक लोकांना ती मिळाली. ऑक्टोबर 1990 मध्ये पहिले धनादेश दिले गेले. सर्वांत वयोवृद्ध होते 107 वर्षांचे रेव्हरंड मामोरू एतो. त्यांना धनादेश देताना देशाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी गुडघे टेकले.

यावर आक्षेप घेणारे होते आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. 1988 चा करदाता 1942 च्या हुकुमाला जबाबदार कसा? यहेज्केल संदेष्टाही सांगतो की बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही. हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. दोष वारशाने येत नाही. पण दोष वेगळा आणि देणे वेगळे. आजोबांनी उसने घेतले म्हणून नातू लबाड ठरत नाही. मात्र आजोबांची जमीन ठेवून घ्यायची आणि त्यांचे कर्ज नाकारायचे, हा व्यवहार सरळ नाही. 'आपण महायुद्ध जिंकले' असे अमेरिकन माणूस 1988 मध्येही अभिमानाने म्हणत होता. जिंकताना जर 'आपण', तर शेजाऱ्याला तारेच्या कुंपणात डांबताना 'ते' कसे?

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. पैशाने काय परत येते? जे वडीलधारे सर्वस्व गमावून बसले, त्यांतले हजारो 1988 पूर्वीच मरण पावले होते. त्यांच्यापर्यंत माफी पोहोचलीच नाही. हे खरे आहे आणि त्यावर उत्तर नाही. उशिरा फेडलेले कर्ज अपुरेच राहते. पण अपुरे आहे म्हणून ते न फेडणे हा आणखी एक अन्याय ठरला असता. पापनिवेदनात नुसते 'चुकलो' म्हणून भागत नाही, घेतलेले परत करावे लागते, हे आपण लहानपणापासून शिकलो आहोत. 12 मार्च 2000 रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी पूर्वी केलेल्या पापांबद्दल संत पेत्राच्या महामंदिरात जाहीर क्षमा मागितली. ती पापे काही त्यांनी स्वतः केली नव्हती.

अमेरिकेचे हे प्रकरण वाचून 'त्यांचे ते पाहतील' असे म्हणता येत नाही. 1962 च्या युद्धानंतर आपल्याही देशात चिनी वंशाच्या सुमारे 3,000 लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांतले कित्येक भारतातच जन्मले होते. ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या कानावर आली आहे? चुकीची नोंदच झाली नाही, तर माफीचा प्रश्न निघणार कसा?

2018 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कोरेमात्सू निकाल दिला त्या दिवशीच चुकीचा होता. हे म्हणायला चौऱ्याहत्तर वर्षे लागली. राल्फ लाझोला मात्र ते 1942 सालीच कळले होते, कारण त्याने 'ते लोक' म्हणून पाहिलेच नाही, आपले मित्र पाहिले. माफी मागणे हे नातवाचे काम आहेच. पण नातवावर ती वेळ येऊ नये, याची काळजी आज घेणे आपल्या हाती आहे. उद्या आपल्या गल्लीतल्या एका घराकडे सारे गाव संशयाने पाहू लागेल, तेव्हा त्या घराचे दार ठोठावून 'काही हवे-नको का?' असे विचारायला आपण जाऊ का?