टॅली

बँकेत वीस वर्षे खर्डेघाशी केलेल्या माणसाची एकाच गोष्टीवर श्रद्धा उरते: जमा आणि नावे जुळलेच पाहिजे! रसायनशास्त्रात ही शिस्त आणणारा लव्हाझिए हा फ्रेंच गृहस्थ पोटापाण्यासाठी करवसुलीत होता, म्हणजे आमच्याच जातकुळीतला. बंद भांड्यात पदार्थ तापवायचा. आधी वजन, नंतर वजन, फरक शून्य. १७८९ साली त्याने हे पुस्तकात मांडले, आणि १७९४ साली त्या वसुलीपायी क्रांतिकारकांनी त्याला गिलोटिनखाली घातले. वसुलीवाल्यांवर लोकांचे प्रेम कुठेच नसते.

गेल्या दिवाळीत गावी बंब पेटवताना मी माळ्यावरची रद्दी त्यात कोंबली. बरीचशी जळल्यावर एका अर्धवट कार्डावर अण्णांचे अक्षर दिसले. आई माहेरी असताना त्यांनी तिला धाडलेली पत्रे होती ती. अण्णा जाऊन नऊ वर्षे झाली.

आता लव्हाझिएच्या हिशेबाने गुंजभरही कमी झालेले नाही. कागद आणि हवेतला प्राणवायू यांचे जेवढे वजन, तेवढेच राख, धूर, वाफ आणि कार्बन डायऑक्साइडचे. उष्णता पाण्यात गेली, पाणी माझ्या अंगावर. खाते चोख! कुठलाही ऑडिटर आला असता तरी सही करून गेला असता. बर्फाचे पाणी झाले तर पुन्हा बर्फ होतो; राखेचे कार्ड कोण करणार? अणू सगळे हजर, फक्त 'चि. सौ.' कुठे नाही.

सांगावे की गप्प बसावे? आईने माळा वर्षभर उघडलाही नसता. चहाच्या वेळी मी सांगून टाकले.

आई बराच वेळ बंबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी तरी कढत होतं ना रे?"